माया अर्धा इंच

पाचपावलीत पुलाच्या पोटाशी पिठाची चक्की,
चक्कीवर जिना, जिन्यावर बारापात्रेबाईंचा शिवणक्लास.
सोम, बुध, शुक्र. तीन ते पाच.
चौदा बायका आणि मी,
वीज मंडळातून रिटायर झालेला मीटर रीडर,
आडनाव वाकुडकर.
बाई म्हणाल्या, "आधीच सांगून टाकलं, बरं केलं जी."

पहिल्या दिवशी त्यांनी कापडावर खडूची रेघ ओढली.
"भाऊ, इथून इथवर एक टीप मारा."
मी डायरी काढली, पेन काढला,
वर तारीख टाकली
आणि वाट पाहत बसलो.
"काय करून राहिले भाऊ?"
"टीप घेतो आहे. सांगा."
मशिनी एकदम थांबल्या.
एवढी शांतता मी फक्त लोडशेडिंगमध्ये ऐकली होती.

मग दोरा तुटायला लागला.
"टेन्शन कमी करा जी," बाई पलीकडून ओरडल्या.
डॉक्टर तेच सांगतात.
मी डोळे मिटले, लांब श्वास घेतला,
पोरीचं लग्न, गुडघा, घराचा हप्ता
एकेक करून बाजूला ठेवलं.
डोळे उघडले तर बाईंनी येऊन
मशिनीची चकती दोन आटे सैल केलेली,
आणि दोरा मुकाट चालत होता.

बुधवारी कुमुदचा फोन आला, "कुठवर आलं?"
मी म्हटलं, "गळा कापून झाला. आता दोन्ही मुंढे कापतो."
तिचा फोन स्पीकरवर होता.
शेअर ऑटोतली शेजारीण म्हणे
मेडिकल चौकातच उतरून गेली,
सुट्टे पैसेही घेतले नाहीत.

दिवाळीनंतर गोधडी.
"जुने मऊ कपडे आणा," म्हणून मी कुमुदची तीन पातळं नेली,
पोरीचा शाळेतला निळा फ्रॉक,
आणि माझी खाकी वर्दी, जी कधीच मऊ झाली नाही.
"सुलट्यावर सुलट ठेवा, शिवा, मग पलटवा."
मी शिवलं. उठलो.
मशिनीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो.
"तुम्ही नाही जी! कापड!"

धावदोरा म्हणजे घाईचा, असंही मला वाटलं होतं.
मांडीवर घेऊन सपासप घातला.
चहा आला म्हणून उभा राहिलो,
तर गोधडीही उभी राहिली.
पँटसकट सोडवायला तिघी लागल्या, एक कात्री,
आणि निखारेकाकूंचं हसू आवरेपर्यंत अर्धा तास.

पण खरा घोटाळा मायेचा.
"चारी बाजूंनी माया सोडा, भाऊ. कंजूषी नका करू."
नवशिक्या माणसाला असं मोकळं सांगू नये.
मी प्रत्येक तुकड्याला चार चार बोटं सोडली,
कुमुदच्या हिरव्या पातळाला तर वीतभर.
शेवटी मागून पाहिली तर थरावर थर,
पुढून पाहिली तर उशीच्या खोळीएवढी.
बाईंनी टेप लावला, दोनदा लावला.
"अर्धा इंच पुरते जी. बाकीची आतच कोंबून राहते,
कोणाले दिसत नाही."
मी म्हटलं, "आमच्या घरी तशीच पद्धत आहे."
त्या हसल्या नाहीत. बोट फिरवत राहिल्या शिवणीवरून.
"उसवू का?"
"राहू द्या. कमी पडली असती तर इलाज नव्हता."

आता डिसेंबर. कूलर बंद,
त्याच्या डोक्यावर माझी गोधडी, नेमकी तिथेच मावते.
कुमुद म्हणाली, "थंडी वाजून राहिली होती वाटते त्याले."
मग तिनं ती उचलली, उलटी केली,
आतलं हिरवं बराच वेळ चिमटीत धरून पाहिलं.
पुढे वर्दीचा खिसा लागला, चारी बाजूंनी पक्का शिवलेला.
"यात काय वाजून राहिलं जी?"
"काही नाही."
"उसवून पाहते."
"नको नको," मी म्हटलं, "नक्षी बिघडेल."
आत क्लासची पावती आहे.
तिला मी फी तीनशे सांगितली होती.